दोरावरचा हात

"ताई, वर चढल्यावर सू लागली तं काय करायचं?"

प्रश्न वर्षाराणीचा नव्हता. तो पिंकी आणि गोमती या तिच्या दोन मैत्रिणींनी बसमध्ये मिळून रचला होता, आणि विचारून दाखवशील तर परतीच्या बसमध्ये खिडकी तुझी, अशी पैज लावली होती. विचारला मात्र तिनंच, आणि तोही नेमका सगळं गोदाम चिडीचूप बसून राखीताईंचं ऐकत होतं तेव्हा. आधी पोरांच्या रांगेतून फिस्सकन हसू आलं, मग पोरींच्या, आणि मग सगळेच पोट धरून लोळायला लागले.

वर्षाराणीचे कान तापले, पण ती खाली बसली नाही. मागच्या वर्षापर्यंत हीच पोरगी हजेरीला 'यस सर' म्हणतानासुद्धा बाकाखाली तोंड घालायची. मग शाळेच्या गॅदरिंगला सूत्रसंचालन करणारी मुलगी ऐनवेळी तापानं फणफणली, बाईंनी हिला माइकसमोर ढकललं, आणि स्पीकरमधून घुमत आलेला स्वतःचाच आवाज हिला इतका आवडला की तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप लागलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

राखीताई हसल्या नाहीत. "चांगला प्रश्न हाये," त्या म्हणाल्या. "वर गेल्यावर सू लागो, चक्कर येवो, नाही तं उगाच आईची आठवण येवो, करायचं एकच. खाली जी दोर धरून उभी हाये, तिले सांगायचं. ती तुले अल्लाद खाली घेते. वरच्याचा जीव खालच्याच्या हातात राह्यते. तुले हे विचारावं वाटलं ना, मंग तूच पह्यले दोर धरायले शीक. चढायचं नंतर."

मंगरूळपीरच्या बाजारामागचं ते गोदाम कधीकाळी छतापर्यंत सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेलं असायचं. वास अजून गेला नव्हता. पण आता एका बाजूला लाकडी फळ्यांची उंच भिंत उभी होती, आणि तिच्यावर हात-पाय रोवायला लाल, पिवळे, निळे नकली दगड स्क्रूनं आवळून बसवलेले होते. या दगडांना ताई होल्ड म्हणायच्या. लांबून वाटायचं, कोणी तरी भिंतीला गोळ्या चिकटवल्यात. ताई मूळच्या मेडशीकडच्या. पुण्याला अशाच भिंतीवर काही वर्षं शिकवून त्या परत आल्या होत्या आणि दर रविवारी आसपासच्या गावांतल्या पोरापोरींना चढायला शिकवत होत्या.

दोराचं गणित साधं होतं. एक टोक चढणारीच्या कमरेच्या पट्ट्याला बांधायचं. तिथून दोर वर जाऊन छताजवळच्या लोखंडी दांडीवरून खाली यायचा आणि खाली उभ्या असलेल्या मुलीच्या पट्ट्याला अडकवलेल्या एका छोट्या लोखंडी डबीतून निघायचा. डबीच्या खालचा दोर उजव्या हातात घट्ट. चढणारी वर सरकली की खालचीनं ढिला झालेला दोर ओढून घ्यायचा. ती सुटली, तर उजवा हात दोर खाली दाबून धरणार आणि डबी दोराला जागच्या जागी चावणार. नवशिक्यांच्या मागे आणखी एक जण दोराचं शेपूट धरून उभा राहायचा, पहिल्याच्या हातून चुकलं तर असावा म्हणून.

"उजवा हात सुटत नसते," ताई दर रविवारी सांगायच्या. नाकावर माशी बसली तरी नाही, ओढणी घसरली तरी नाही, फोन वाजला तरी नाही, शेजारी साप निघाला तरी नाही. सापावर पोरं हसायची. वर चढणारी वरून ओरडायची, "हाय का?" खालची म्हणायची, "हाय." हे ऐकल्याशिवाय कोणी भिंतीवरचा हात सोडायचा नाही. पुण्यात हे सगळं इंग्रजीत चालतं म्हणे. ताईंनी इथं आपलं केलं होतं.

आणि खरं सांगायचं तर वर्षाराणीला दोर धरणं झकास जमलं. चढण्यात ती मध्यमच होती, अर्ध्यावर गेली की तिच्या पोटऱ्या शिवणयंत्रासारख्या थरथरायच्या. पण दोरावरचा तिचा हात ताईंनी सगळ्यांना दाखवला. झालं, त्या दिवसापासून ती गावातल्या गल्लीत अशी चालायला लागली जशी काही अर्ध्या वाशिम जिल्ह्याचा जीव तिच्या मुठीत होता. पिंकीला ती म्हणायची, तू डोळे मिटून चढ, खाली मी हावो. गोमती चिडवायची की राणीसरकार, जरा आम्हालेही जगू द्या. पिंकी मात्र खरंच डोळे मिटून चढायची. खारीसारखी. आणि वरून एकदा "हाय का?" विचारलं की मागं न बघता अंग सोडून द्यायची.

घरात आईला हे प्रकरण फारसं पटलं नव्हतं. मांड्यांतून जाणारा तो पट्टा फोटोत पाहून ती म्हणाली होती की हे काय, बैलाले झूल घातल्यावानी. बाबांनी नेहमीप्रमाणे निर्णय वर ढकलला. वर म्हणजे मोठेबाबा. रामकिसन मोठेबाबा हे बाबांचे थोरले भाऊ, शेजारच्याच घरात राहायचे, आणि दोन्ही घरांत गॅसच्या शेगडीपासून पोरींच्या लग्नापर्यंत शेवटचा शब्द त्यांचा असायचा. ते तापट नव्हते, उलट फार प्रेमळ. पण त्यांचा मान म्हणजे मान. ते उंबऱ्यात आले की ज्याच्या हातात जे असेल ते तो खाली ठेवायचा. आई कणकेचे हात झटकून पदर घ्यायची, बाबा फोन उलटा करून ठेवायचे, आणि पोरं दोन्ही हात जोडून उभी राहायची. एका हातानं नमस्कार केलेला त्यांना खपायचा नाही. हातातलं ठेव, मंग जोड, हे वर्षाराणीनं चालायला शिकता शिकताच ऐकलं असेल.

मोठेबाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, पाह्यल्याशिवाय हो बी नाही आन् नाही बी नाही. येत्या रविवारी मी येतो.

म्हणजे एका रविवारावर सगळं येऊन ठेपलं. मोठेबाबा हो म्हणाले तर भिंत, ताई, बस, खिडकी, सगळं. नाही म्हणाले तर रविवारी पुन्हा कपडे वाळत घालणं. वर्षाराणीनं आठवडाभर मनाशी घोकलं की त्यांच्यासमोर कसं उभं राहायचं, काय बोलायचं. दोराचा एवढा विचार तिनं केला नाही. दोर तर येतच होता.

रविवारी मोठेबाबा लवकर आलेच नाहीत. वाट पाहून पाहून शेवटी ताईंनी पिंकीला चढायला लावलं. वर्षाराणी दोरावर, गोमती मागं शेपटावर. ताई चार पावलांवर पाठमोऱ्या बसून एका लहान पोरीची गाठ तपासत होत्या. पिंकी सरसर वर गेली. वरच्या शेवटच्या पिवळ्या दगडाला हात लावला, उतरत अर्ध्यावर आली, आणि मग दमली. तिनं खाली न बघता विचारलं, "हाय का?"

"हाय," वर्षाराणी म्हणाली. पिंकीनं अंग सोडलं.

आणि तेवढ्यात गोदामाचं लोखंडी दार करकरलं. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात काठी. मोठेबाबा आत आले.

पुढं जे झालं ते वर्षाराणीनं केलं असं म्हणणंही कठीण. तिनं काही ठरवलं नाही, काही विचार केला नाही. तिची पाठ ताठ झाली, मान खाली झुकली आणि दोन्ही हात छातीशी येऊन जुळले. मागं गोमतीचेही जुळले. ताईंच्या यादीत माशी होती, फोन होता, सापसुद्धा होता. नमस्कार नव्हता.

दोर डबीतून सर्रर्र करत पळाला. तो आवाज ऐकून वर्षाराणीनं झडप घातली, तळव्यातून दोर असा गेला की तवा धरल्यासारखं झालं. तिकडून ताई धावत आल्या आणि त्यांनी दोर मनगटावर लपेटून घेतला. पिंकी दीड पुरुष उंचीवरून आली होती, शेवटच्या क्षणी थोडी अडली, आणि गादीवर पडली. पाय तिच्या खाली दुमडला. ती ओरडली नाही. पाय धरून नुसती बसून राहिली आणि तोंड आवळून श्वास घेत राहिली.

गर्दी जमली. कोणी पाणी आणलं, कोणी बर्फाची सोय बघायला पळालं. ताईंनी पिंकीचा पाय चाचपून पाहिला, मोडलेला वाटत नाही म्हणाल्या, तरी दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली. मग त्यांनी मान वर करून वर्षाराणीला विचारलं, काय झालं?

तिनं तोंड उघडलं. ज्या तोंडाला आताशा कुलूप लागत नव्हतं, त्याला तेव्हाच लागलं. आणि तिच्या आधी मोठेबाबा बोलले.

"दोर निसटला, दुसरं काय. मी पाह्यलं ना सोताच्या डोळ्यानं. असा बोटावानी दोर, त्यावर लेकराचा जीव ठेवता का बाई? आन् हे पहा." त्यांनी वर्षाराणीचे दोन्ही तळवे धरून सगळ्यांसमोर उलटे केले. लालभडक, मधोमध साल निघालेली. "हात जाळून घेतले पोरीनं, पन सोडलं नाही."

ताईंनी तिच्याकडं पाहिलं. हलकेच विचारलं, "असंच झालं का?"

"हाव," ती म्हणाली. "निसटला."

एवढे दोन शब्द. पुढं कितीतरी वेळ ते तिच्या जिभेवर कारल्यासारखे राहिले.

परतताना मोठेबाबांनी तिला बसमध्ये खिडकीशी बसवलं. ते भारी खूश होते. एवढ्या गडबडीतही पोरीला मोठ्या माणसाचा मान समजला, आत पाऊल ठेवलं तशी हात जोडून उभी, हे त्यांनी कंडक्टरलाही सांगितलं. पोरगी शहरात जाऊन बिघडेल ही भीती त्यांच्या मनातून गेली होती. जा तू खुशाल, त्यांनी तिला सांगितलं, माह्यी हरकत नाही. दोराचं मात्र ते मनावर घेणार होते. त्या राखीबाईला आपल्या विहिरीवरचा सोल देतो म्हणाले, मोट ओढायचा जाडजूड दोर, बैल लटकला तरी तुटायचा नाही. वर्षाराणी खिडकीबाहेर बघत राहिली. तुरीची शेतं मागं पळत होती आणि तिला वाटत होतं की बस कुठंच पोहोचू नये.

घरी तर सोहळाच झाला. आईनं तळहातांना तूप लावलं, फुंकर घातली आणि डोळे पुसले. पंचफुला मोठी आई शेजारून धावत आली, तिनं मीठ-मोहरीनं पोरीची दृष्ट काढली. बाबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले की त्यांना ठाऊक होतं, पोरगी धीराची आहे. वर्षाराणीला जेवण गेलं नाही. सगळ्यांना वाटलं हात दुखत असतील. आईनं स्वतःच्या हातानं घास भरवला आणि तो गिळताना तिला भडभडून आलं, तर आई म्हणाली, पिंकीची काळजी करून राह्यली लेक माही, किती माया हाये पोरीले.

दुसऱ्या दिवशी शाळेत गोमतीनं तिला हातपंपाजवळ गाठलं. गोमतीचं सगळं ठरलं होतं. मीही हात जोडले, तूही जोडलेस, मोठेबाबा दिसल्यावर कोण नाही जोडत, पिंकी भिंतीवर नसती तर तिनंही जोडले असते, आणि आता तर मोठेबाबाच म्हणतात दोर निसटला, तर आपण काहून मोठ्या माणसाला खोटं पाडायचं? तिचं म्हणणं इतकं गुळगुळीत होतं की वर्षाराणीला ते घ्यावंसं वाटलं. पण हातांवर बांधलेल्या पट्टीखाली तळवे चुरचुरत होते आणि गोमती बोलत असताना तिला एवढंच आठवत होतं की पिंकीनं विचारलं होतं आणि आपण 'हाय' म्हणालो होतो.

संध्याकाळी ती पिंकीकडं गेली. पिंकीची आई अंगणात तूर निवडत होती. तिनं सूप बाजूला सारलं आणि वर्षाराणीचे पट्टीचे हात आपल्या हातात घेतले. सगळं ऐकलं बाप्पा, म्हणाली, तू नसती तं माह्या पोरीचं काय झालं असतं. आणि चहा ठेवायला आत गेली. वर्षाराणीला वाटलं, हिनं त्यापेक्षा सूप फेकून मारलं असतं तरी चाललं असतं.

पिंकी खाटेवर बसली होती, पायाला बँडेज, पायाखाली उशी. तिनं वर्षाराणीला बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. वर्षाराणी आपणच खाटेच्या कडेला टेकली.

"मी त्या टायमाले पह्यल्यांदाच खाली पाह्यलं," पिंकी म्हणाली. "रोज नाही पाहत. दाराचा आवाज आला म्हनून पाह्यलं. तुह्ये हात दिसले. दोन्ही जोडले होते. मले वाटलं, माह्यी तेरवी करून राह्यली का काय ही."

ती हसली. वर्षाराणीला हसता आलं नाही.

"तुह्या आईले सांगितलं?"

"नाही."

"काहून?"

पिंकीनं खांदे उडवले. "तू सांगशील म्हनून थांबली."

आतून कपबशांचा आवाज येत होता. वर्षाराणीनं पट्टीचं टोक ओढत विचारलं की पाय बरा झाल्यावर पुन्हा चढशील का. चढन ना, पिंकी म्हणाली, कायले नाही? पाय तं बराच होणार हाये. मग तिनं पहिल्यांदा वर्षाराणीच्या डोळ्यात पाहिलं.

"पन दोर तू नको धरू, राणी. गोमतीही नको. ताई धरतील. मले आता वरून खाली पाहा लागते, आन् खाली पाह्यलं की मले चढताच येत नाही."

यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. वर्षाराणी चहा न घेताच उठली, आणि अंगणात पिंकीच्या आईनं हाक मारली तेव्हा तिला थांबून तिथंच सगळं सांगून टाकायचं होतं. ती थांबलीही. "काकू," ती म्हणाली, आणि मग तिच्या तोंडून बाहेर पडलं ते एवढंच की उशीर झाला, आई वाट पाहते.

घराकडं येताना तिला बारीकसारीक सगळं दिसायला लागलं. ताई आता त्या चांगल्या दोराची वीत न् वीत चाचपून पाहत असतील, कुठं दोष आहे ते शोधत, आणि तो त्यांना सापडणार नाही. मोठेबाबा खरंच विहिरीवरचा सोल घेऊन जातील, तो डबीत मावणार नाही, आणि ताई त्यांच्यासमोर उभ्या राहून ऐकून घेतील. पिंकीची आई गल्लीत ज्याला त्याला तिचं नाव सांगेल. आणि तिच्या घरात सगळे जण तिच्या त्याच एका गोष्टीचं कौतुक करत राहतील, जिच्यामुळं पिंकी खाली आली. तिला गॅदरिंगचा माइक आठवला. तिथं सगळं सांगता येत होतं, कारण तिथं सांगायला काहीच नव्हतं.

ओसरीवर बाबा सायकलच्या चाकाला हवा भरत होते आणि आई लसूण सोलत बसली होती. तिला पाहून आईनं विचारलं की पिंकीचा पाय कसा आहे. बाबांनी तोवर आनंदाची बातमी सांगून टाकली की मोठेबाबा सोल काढायला विहिरीवर गेले होते, आता घरी आलेत, आणि येत्या रविवारी ते सोबत येणार आहेत, पोरीचा दोर नीट आहे का ते बघायला.

वर्षाराणी चप्पल न काढता पायरीवरच उभी राहिली.

"बाबा, दोर नीट हाये," ती म्हणाली. "दोर निसटला नाही. मी सोडला. मोठेबाबा आत आले आन् मी हात जोडले."

बाबांच्या हातातला पंप अर्ध्यातच राहिला. आईनं आधी तिच्या हाताकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"मंग हे हात?" आईनं विचारलं.

"पिंकी खाली येऊन राह्यली होती तवा धरला. उशिरानं."

बाबा हळूच म्हणाले, बरं, झालं ते झालं, आता हे मोठ्या भाऊले सांगायची काही गरज नाही, त्याले वाईट वाटंल, त्याच्यामुळं झालं असं वाटंल त्याले. आणि तो मंग जाऊही देणार नाही तुले. ते खरं होतं. तिनंही येताना वाटेत नेमकं हेच स्वतःला सांगून पाहिलं होतं.

"मी त्याइच्याच घरी चालली," वर्षाराणी म्हणाली. तिचा आवाज माइकमधल्यासारखा नव्हता, मध्येच फाटत होता, पण थांबला नाही. "त्याइले सांगतो. तिथून पिंकीच्या आईले सांगतो. रविवारी ताईले. मोठेबाबा नाही म्हनले तं नाही जानार. आन् जाऊ दिलं, तं मी पह्यल्यापासून शिकन, शेपूट धरून. आन् दोर हातात असला तं मी कोनालेच नमस्कार करनार नाही. मोठेबाबाले नाही, तुमाले नाही, देवाले बी नाही. तुमी दोघं माह्यासंग येऊ नका. हे मले एकटीले सांगायचं हाये."